त्रेसष्टाव्या पानावरचं बसचं तिकीट

"ताई, मी एकोणतीस वर्षांचा. गाव खानापूर तालुक्यातलं, नोकरी बेळगावात. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेब बघतो आणि येता-जाता बसमध्ये वाचतो. वाचनाची गोडी मामांनी लावली. ते हायस्कूलात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. गेल्या दिवाळीत त्यांनी मला स्वतःजवळची एक प्रत दिली, उंबेर्तो एको यांची 'फुकोज पेंड्युलम', इंग्रजीतली. म्हणाले, 'ही संपवलीस की तू खरा वाचक.' मी त्रेसष्टाव्या पानावर अडकलो. बसचं तिकीट घालून पुस्तक मिटलं ते मिटलंच. मामांनी विचारलं तेव्हा मात्र 'वाचली, छान आहे' म्हणून गेलो.

"त्याच्या आधी मी त्यांना 'द दा विंची कोड' या रहस्यकादंबरीचा मराठी अनुवाद दिला होता. मी तो तीन रात्रींत संपवला होता. आमच्या वाचनकट्ट्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, 'हे काय वाचन? ही चुरमुऱ्याची भेळ. तोंडाला चव येते, अंगी लागत नाही.' लोक हसले. आता पुढच्या महिन्याच्या कट्ट्यावर मी एकोंच्या कादंबरीवर वीस मिनिटं बोलणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलंय. खोटं बोलल्याची लाज वाटते आणि भेळ म्हटल्याचा रागही येतो. मी कच्चा वाचक आहे का? आणि आता काय करू?"

आधी खोट्याचं बघू, कारण ते एका संध्याकाळी निस्तरता येतं. कट्ट्याच्या निदान आठवडाभर आधी मामांच्या घरी जा. एकटेच जा. बसल्या बसल्या सांगून टाका, "मामा, मी त्रेसष्टाव्या पानावर थांबलोय. वाचली म्हणालो ते खरं नव्हतं." पुस्तक सोबत न्या, आतलं तिकीट काढू नका. बसमधली गर्दी, कारखान्यातलं वर्षअखेरचं काम, असली कारणं जोडू नका, खरी असली तरीही. ज्यांनी तुमच्या हातात पहिलं पुस्तक दिलं त्यांना नुसतं खरं सांगितलं तरी पुरे होतं.

'कच्चा वाचक' हा शब्द मात्र मला लागला, आणि त्यावर मला सावकाश बोलायचंय.

बेळगावातल्या एका वाचनालयात मी एकतीस वर्षं काउंटरवर होते. पुस्तक परत आलं की ते उलटसुलट करून बघायचं, पान फाटलंय का, दुमडलंय का, हे माझं काम. जाड पुस्तक मिटून कडेनं धरलं की वाचकांची वाट दिसते. सुरुवातीची साठ-सत्तर पानं बोटांनी तपकिरी झालेली आणि पुढं सगळं पांढरंशुभ्र. आपल्या मराठीतल्या नावाजलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्याही मी अशाच पाहिल्यात. त्या नेणाऱ्यांत वकील होते, डॉक्टर होते, कॉलेजात शिकवणारे होते. आत खुणा राहिलेल्या असायच्या: विजेचं बिल, उदबत्तीच्या पुड्याचा कागद, लग्नपत्रिकेचा फाडलेला कोपरा. खूण जिथं, तिथं वाचक थांबलेला. काउंटरवर ते कुणी बोलून दाखवायचं नाही. सगळे म्हणायचे, "छान आहे."

तुमच्यापुढचं पुस्तक तर दुप्पट अवघड वाटेनं आलंय. मूळ इटालियन, १९८८ सालचं. तुमच्या हातात आहे तो विल्यम वीव्हर यांचा १९८९ सालचा इंग्रजी अनुवाद. पहिल्याच प्रकरणाच्या माथ्यावर हिब्रू उतारा आहे, तोही भाषांतराशिवाय. मधे लॅटिन येतं, फ्रेंच येतं. तुमचं घर मराठी, बाजार कन्नड, आणि इंग्रजी कारखान्यातल्या बिलांपुरतं. दिवसभर जमाखर्च जुळवून सुटलेला माणूस खानापूरच्या बसमध्ये हे वाचायला घेतो आणि त्रेसष्ट पानं वाचतो. मला ती पानं थोडी वाटत नाहीत.

आणि दाट मजकूर आपल्याकडच्या लोकांना झेपत नाही, असंही नाही. भैरप्पांचं 'पर्व' या भागात कितीतरी घरांत वाचलं गेलं. मूळ कन्नड, मराठीत आणलं उमा कुलकर्णी यांनी, त्या मूळच्या बेळगावच्याच. चमत्कार काढून टाकलेलं महाभारत, संथ, जाडजूड. तरी लोकांनी ते तडीस नेलं, कारण ते आपल्या बोलीच्या जवळ आलं होतं आणि त्यातली माणसं आपल्याला जन्मापासून ठाऊक होती. एकोंच्या कादंबरीत कुंती नाही, कर्ण नाही. तिथं आहेत टेंपलर. ते कोण, हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलेलं नसतं, आणि लेखकही सुरुवातीला थांबून सांगत नाही.

तेवढं मी सांगते. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी निघालेला हा लढवय्या संन्याशांचा पंथ. पुढं जमिनी आल्या, ठेवी आल्या, राजांना कर्ज देण्याइतका पैसा आला. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप त्यांचा मोठा कर्जदार. १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्यानं देशभर एकाच दिवशी त्यांची धरपकड केली. १३१२ मध्ये पोपनं पंथ बरखास्त केला आणि १३१४ मध्ये त्यांचा प्रमुख जाक द मोले याला पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. इतिहास इथं संपतो. 'ते संपलेच नाहीत, अजून कुठंतरी गुप्तपणे आहेत' ही गोष्ट इथून सुरू होते, आणि तीच या कादंबरीच्या पोटात आहे. एवढं मनाशी धरून चौसष्टावं पान उघडलंत तर निम्मा अंधार कमी होईल.

एकोंची पहिली कादंबरी १९८० सालची, 'द नेम ऑफ द रोझ'. तिची पहिली शंभर पानं फार जड आहेत, कापा, असं त्यांना मित्रांनी आणि संपादकांनी सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. ज्याला त्या मठात सात दिवस राहायचंय त्यानं मठाची चाल स्वीकारायला हवी, अशी त्यांची भूमिका होती. हे वाचलं तेव्हा मला आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, ते जुनं जैन मंदिर, आठवली. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ सालची. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की काळ्या दगडापलीकडं काही दिसत नाही. बरेच जण एक चक्कर मारून बाहेर येतात. चार-पाच मिनिटं खांबाला टेकून उभं राहिलं की छत हळूहळू उजळतं, आणि डोक्यावर दगडी कमळ लोंबताना दिसतं, पाकळी न पाकळी. मात्र उभं राहायला सवड हवी. ज्याला शेवटची बस गाठायची आहे त्याला छत दिसलं नाही म्हणून त्याचे डोळे वाईट, असं मी म्हणणार नाही.

आता या कादंबरीत तुमच्या मामांना काय दिसलं असेल, ते सांगते. थोडं उघड करावं लागेल, पण या पुस्तकाची गंमत तेवढ्यानं जात नाही. मिलानमध्ये एका प्रकाशन संस्थेत तीन संपादक आहेत. त्याच मालकाची दुसरी संस्था पदरमोड करून पुस्तक छापू पाहणाऱ्या लेखकांवर चालते. तिथं गुप्त पंथ, गूढ विद्या, जगावर राज्य करणाऱ्या मंडळ्या यांवरच्या हस्तलिखितांचा ढीग येतो. ते वाचून वाचून हे तिघं खेळ म्हणून स्वतःच एक महाकारस्थान रचतात. काहीही कशालाही जोडायचं. आणि मग बाहेरची माणसं त्यावर विश्वास ठेवायला लागतात. या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे. फ्रान्समधल्या प्रोव्हँ गावात सापडलेला, अर्धवट, टेंपलरांचा गुप्त आराखडा म्हणून मानलेला. तिघांपैकी कासोबोनची जोडीदारीण लिया तो एकदा शांतपणे वाचते आणि म्हणते, ही व्यापाऱ्याची यादी आहे. गवत, कापड, गुलाब.

हे प्रकरण वाचताना मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसले होते, कारण ही गोष्ट मी आमच्या वाचनालयात घडताना पाहिली होती. नंदगडच्या बाजूचं एक कुटुंब एकदा आलं. आजी, मुलगा, सून. लाल फडक्यात गुंडाळलेला मोडी कागद. तीन पिढ्या घरात सांगत आलेले, यात पुरलेल्या धनाची जागा आहे. आमच्याकडं रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे एक वृद्ध गृहस्थ मोडी जाणत. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीजवळ नेला आणि एकेक ओळ सावकाश लावली. सात मण भात, दोन घोंगड्या, एक तांब्याची घागर. उसनवारीची फेड झाल्याची पावती होती ती. मुलाचा चेहरा उतरला. सून खाली बघत राहिली. आजी मात्र पुढं सरकली आणि म्हणाली, "घागर? काठाला पोचा आलेली? ती आमच्या न्हाणीत हाय की अजून." मग त्या बाईनं घागरीची सगळी हकीकत सांगितली, दुष्काळात ती कुणाकडं गेली होती, कशी परत आली. मुलानं ती कधी विचारलीच नव्हती. धनाच्या नादात तीन पिढ्यांनी न्हाणीतली घागर पाहिली नव्हती.

मामा ही कादंबरी एवढी का मानतात हे मला कळतं. इतिहास शिकवलेल्या माणसाला ठाऊक असतं की कागद स्वतः होऊन काही सांगत नाही. पानिपतची बातमी पेशव्यांकडं आली ती सावकारी पत्रातून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. वाचणाऱ्याला ती सराफाची नोंद वाटावी, आणि होती ती माणसांच्या मरणाची. म्हणजे कधी मालाची यादी ही खरोखर मालाचीच यादी असते आणि कधी मोती म्हणजे विश्वासराव असतो. कोणतं काय, हे त्या एका कागदाकडं कितीही टक लावून कळत नाही. त्याला पुढचे-मागचे दहा कागद लागतात, तारखा लागतात, कोण कुणाला लिहितोय हे लागतं. दाट कादंबरी वाचकाला ते दहा कागद चाळायला बसवते. ज्याला त्यात रस आहे त्याला पानं कमी वाटतात, ज्याला नाही त्याला ती संपता संपत नाहीत.

पण भेळ म्हणण्यात मामांचं चुकलं. हे मी ठामपणे लिहिते, कारण हीच चूक मी केलेली आहे.

वडगावचे एक विणकर आमच्याकडं यायचे. यंत्रमागावर साड्या काढायचे. दर आठवड्याला दोन रहस्यकथा न्यायचे, वर्षानुवर्षं. एकदा काउंटरवर गर्दी असताना मी त्यांना म्हणाले, "अहो, किती दिवस हेच? जरा चांगलं काहीतरी न्या की." ते हसले. हातातली दोन्ही पुस्तकं त्यांनी काउंटरवर ठेवली आणि त्या दिवशी काहीच न नेता गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा कार्ड परत करून अनामत रक्कम न्यायला आला. पावतीवर वडिलांची सही आधीच करून आणली होती, प्रत्येक अक्षर वेगळं, सावकाश काढलेलं. पंचवीस वर्षं होऊन गेली, ती सही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रात्रपाळी करून, कानात मागाचा खडखडाट घेऊन तो माणूस वाचत होता. त्याला पुढचं पान उलटावंसं वाटत होतं. यापेक्षा वाचनालयाला काय हवं असतं?

वेगवान कादंबरी लिहिणं हीही कसरत आहे. तुमच्या दोन्ही पुस्तकांत शंभराच्या वर प्रकरणं आहेत, हे तुमच्या ध्यानात आलं का? 'दा विंची'त १०५, एकोंकडं १२०. पण पहिल्यात प्रकरण संपताना दार अर्धं उघडं राहतं, म्हणून तुम्ही रात्रीचे दोन वाजले तरी उठत नाही. दुसऱ्यात प्रत्येक प्रकरणाच्या दारातच एक जुना उतारा उभा असतो आणि तो तुम्हाला थांबवतो. एकाला तुम्हाला पळवायचंय, एकाला थोपवायचंय. तीन रात्रींचं जागरण तुम्हाला लाभलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि मामांना ते तसं सांगा.

एक गोष्ट मात्र मी तुमच्याकडूनही मागणार आहे. मूळ इंग्रजी 'दा विंची'त गोष्ट सुरू होण्याआधी एक पान आहे. त्यावर ठामपणे सांगितलंय की 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संस्था खरी आहे आणि १०९९ साली स्थापन झाली. हे खरं नाही. त्या नावाची संस्था १९५६ साली पिएर प्लांतार या फ्रेंच माणसानं आपल्या सोबत्यांसह नोंदवली. तिला जुनी वंशावळ चिकटवणारे कागद १९६०च्या दशकात बनवले गेले आणि पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले गेले, म्हणजे पुढं कुणाला तरी ते 'ग्रंथालयात सापडावेत'. ज्या बाईचं आयुष्य ग्रंथालयाच्या कपाटांपुढं गेलं तिला हे वाचून काय वाटलं असेल, कल्पना करा. कपाटात ठेवलेला कागद म्हणजे खरा कागद, असा लोकांचा जो भरवसा, त्यावर तो घाव होता.

यात नुकसान काय, गोष्टच तर आहे, असं म्हणाल. गोष्ट असेतोवर काहीच नाही. पण ज्यू लोक जग ताब्यात घ्यायचा कट करताहेत असं सांगणारं एक बनावट पुस्तक शंभर वर्षांपूर्वी युरोपभर फिरत होतं. लंडनच्या 'टाइम्स'नं १९२१ साली दाखवून दिलं की त्यातले उतारेच्या उतारे १८६४च्या एका वेगळ्याच फ्रेंच पुस्तकातून उचललेले आहेत. तरी लोकांनी ते खरं मानणं सोडलं नाही, नाझींनी ते वापरलं, आणि पुढं काय झालं ते जगाला ठाऊक आहे. एकोंनी त्या बनावटीवर २०१० साली वेगळी कादंबरीच लिहिली. हा माणूस गूढ कथांची टिंगल करायला बसला नव्हता. त्याला त्यांची भीती वाटत होती.

आपल्याकडं तर कागदाशी प्रत्येकाचा जिवाचा संबंध आहे. १९५६ पासून सीमाभागातल्या घराघरांत उतारे, दाखले, जुनी खरेदीखतं ट्रंकेत जपून ठेवलेली असतात. अशा ठिकाणी 'मी कुठंतरी वाचलंय' या वाक्याला फार वजन येतं. म्हणून रात्री कादंबरी कितीही वेगानं वाचा, पण सकाळी चहाच्या टपरीवर तिच्यातलं काही इतिहास म्हणून सांगण्याआधी थांबा. मामांना भेळेचा राग आला नसावा, याचा आला असावा. त्यांनी तो नीट शब्दांत सांगितला नाही.

राहिला कट्टा. कादंबरी महिन्याभरात संपवायचा हट्ट धरू नका. मामांना विचारून विषय बदलून घ्या: 'त्रेसष्ट पानं आणि तीन रात्री'. एका पुस्तकात कुठं आणि का अडलो, दुसऱ्यात का अडलो नाही, एवढंच बोला. लोक हसणार नाहीत. त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या कपाटात तिकीट घातलेलं एखादं पुस्तक आहे. शेवटची पाच मिनिटं 'ध चा मा' पुढं ठेवा. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणरावाचा खून, आणि एका अक्षराची ती सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. कट्ट्याला विचारा, यावर वेगवान कादंबरी कशी लिहाल आणि दाट कशी? पहिला लेखक 'अक्षर कुणी बदललं' यावर धावेल. दुसरा गारद्यांच्या थकलेल्या पगारापाशी थांबेल, चिठ्ठी कुणी लिहिली, कुणी नेली, कुणी पाहिली हे विचारेल, रामशास्त्र्यांनी काय तपासलं आणि बारभाईंना ही गोष्ट कशी कामाला आली ते चाळत बसेल. तुमच्या कट्ट्यावर दोन तट पडतील. पडू द्या. मामांना मधे बोलायला लावा, त्यांचा हा विषय आहे.

आणि एकोंची गोडी खरंच लागावी असं वाटत असेल, तर 'पेंड्युलम' सध्या बाजूला ठेवून 'द नेम ऑफ द रोझ' घ्या. १३२७ साल, डोंगरावरचा एक मठ, सात दिवस, एकामागून एक मृत्यू आणि तपास करणारा एक साधू. तुम्हाला हवं असलेलं पुढं काय होणार ते त्यात आहे, मामांना हवी असलेली कागदांची रासही आहे. लॅटिन आलं की बिनदिक्कत पुढं जा. मीही तशीच गेले.

मामांकडं जाल तेव्हा आणखी एक करा. प्रत त्यांचीच आहे, तेव्हा पेन्सिलीच्या खुणा असणारच. इतिहासाच्या मास्तरांना त्याशिवाय वाचता येत नाही. चौसष्टाव्या पानाच्या पुढं जिथं त्या खुणा दाट झाल्या असतील ते पान त्यांच्यापुढं उघडा आणि म्हणा, "मामा, हे मला मोठ्यानं वाचून दाखवा." ते इंग्रजी वाचतील, तुम्ही अडेल तिथं थांबवा, आणि दोघं मिळून ते मराठीत लावा. मामीही ऐकत बसतील. दहा पानं झाली की तिकीट तिथं सरकवा.